अल्टरनेटर बदलू नका, आधी तारा मोजा

प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९८२ ची प्रीमिअर पद्मिनी, राहायला कोथरूडात, रविवारी मुळशी नाहीतर पानशेतची फेरी. इंजिन-बे नव्याने रंगवून घेतला तेव्हाच डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढून त्याजागी वापरलेला ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. दिवसा सगळं ठीक चालतं. अंधार पडून हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटतो आणि सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत जीव नसतो. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मोजलं तर हेडलाइट बंद असताना १३.१ व्होल्ट, लावल्यावर १२.३. नवी बॅटरी घालूनही फरक नाही. एक मेकॅनिक म्हणतो ७५ अँपिअरचा अल्टरनेटर टाका, दुसरा म्हणतो तो दिवाच काढा आणि वायर डायरेक्ट करा. ऐकायचं कोणाचं?

तूर्तास दोघांचंही नको. दुसऱ्याचं तर कधीच नको, का ते पुढे सांगतो.

तुम्ही विचारताय अल्टरनेटर पुरतो का. माझ्या मते तुमची अडचण वेगळी आहे: अल्टरनेटर जे तयार करतो ते बॅटरीपर्यंत पोचतंय का? तुम्ही फक्त बॅटरीवर मोजलंय, त्यामुळे हे आत्ता तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२ असतील तर तो बिचारा निर्दोष आहे. तिथेही १२.३ च असतील तर त्याला उतरवून बाकावर घ्यावा लागेल. गाडी न बघता मी पैज लावायची तर पहिल्यावर लावेन, आणि त्याचं कारण तो मंद दिवा.

त्या दिव्याकडे लोक नुसता इशारा म्हणून बघतात. त्याला दोन टोकं आहेत. एका टोकाला चावी फिरवल्यावर बॅटरीचे व्होल्ट येतात, दुसरं टोक अल्टरनेटरच्या डी प्लस या पिनेला जातं. काही अल्टरनेटरवर तिथे आयएनडी किंवा एल लिहिलेलं असतं. चावी लावली, इंजिन बंद, तेव्हा करंट दिव्यातून रोटरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) कॉइलमध्ये जातो, दिवा पूर्ण पेटतो आणि रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व मिळतं. इंजिन फिरू लागलं की अल्टरनेटर आतल्या तीन छोट्या डायोडमधून स्वतःचाच फील्ड, म्हणजे रोटरचं चुंबकत्व, पोसतो, डी प्लसवर चौदाच्या आसपास व्होल्ट येतात. आता दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्ट, म्हणून तो विझतो. मंद पेटणं म्हणजे दोन टोकांत व्होल्ट-दीड व्होल्टचा फरक आहे.

तुमचा दिवा हेडलाइट लावल्यावर पेटतो. म्हणजे लोड वाढला की फरक वाढतो. लोडबरोबर वाढणारा फरक बहुतेक वेळा वायरचा नाहीतर जोडाचा असतो. फक्त चावीचा स्विच खराब असता तर दिवा मंद पेटला असता, पण बॅटरीवर चौदा दिसले असते. फक्त अर्थिंग खराब असतं तर बॅटरीवर व्होल्ट कमी दिसले असते, पण दिवा असा पेटला नसता, कारण दिवा पॉझिटिव्ह बाजूचीच तुलना करतो. तुमच्याकडे दोन्ही आहे: बॅटरीवर कमी व्होल्ट आणि मंद दिवा. म्हणून संशय अल्टरनेटर ते बॅटरी या पॉझिटिव्ह रस्त्यावर. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल तरीही अशीच लक्षणं दिसू शकतात, त्यामुळे मोजल्याशिवाय निकाल नाही.

मोजायचं असं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. दुसऱ्या माणसाला इंजिन साधारण दोन हजार आरपीएमवर धरायला सांगा, हेडलाइट अप्परवर, वायपर चालू. लाल प्रोब अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर (जिथून त्याचा करंट बाहेर पडतो), काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवताहेत. ०.३ च्या आत असेल तर रस्ता चांगला. तुमच्याकडे एक व्होल्टच्या वर दिसलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. मग लाल प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि काळी अल्टरनेटरच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. इथे ०.२ च्या वर काही नको. शेवटी बी प्लस आणि अल्टरनेटरची बॉडी यांमध्ये मोजा. इथे १३.८ ते १४.४ मिळाले तर अल्टरनेटरला हात लावू नका.

पाच मिनिटांचं काम आहे. तरी ते कोणी करत नाही आणि गिऱ्हाईक बॅटरी बदलत राहतं.

आता हे व्होल्ट हरवतात कुठे? डायनॅमोच्या गाडीत डायनॅमोची जाड वायर थेट बॅटरीला जात नाही. ती आधी कटआउटच्या डब्यात जाते. लुकासच्या डब्यावर डी, एफ, ए, ई अशी अक्षरं असतात, फिआटच्या मूळ पद्धतीच्या डब्यावर ५१, ६७, ३० असे आकडे. डी किंवा ५१ ला डायनॅमोचं आउटपुट, एफ किंवा ६७ ला फील्ड, आणि ए किंवा ३० वरून बॅटरी व बाकीचा लोड. डब्यात दोन कामं होतात: व्होल्टेज ताब्यात ठेवणं, आणि इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणं. अल्टरनेटरमध्ये पहिलं काम आतला रेग्युलेटर करतो, दुसरं डायोड करतात. म्हणजे डब्याला काही काम उरत नाही.

पण बसवणारा घाईत असतो. तो डायनॅमोची जुनी जाड वायर अल्टरनेटरच्या बी प्लसला लावतो, डब्यापाशी दोन वायर पिळून टेप मारतो आणि गाडी चालू करून दाखवतो. दिवसा चालतेही. त्या वायरचं वय मात्र गाडीएवढं असतं, टोकांपाशी तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं आणि ती मुळात डायनॅमोच्या मापाने निवडलेली असते. लुकासचा सी ४० डायनॅमो २२ अँपिअरचा होता, त्यावरून माप लक्षात येईल. कोणी डबा तसाच ठेवून त्याच्यातूनच करंट नेतो. मग तर झिजलेले पॉइंटही वाटेत आले.

थोडा हिशोब करून बघू. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७ मिलिओहम असतो. वायर फिरून-फिरून तीन मीटर गेली आणि २५ अँपिअर वाहिले, तर निव्वळ नव्या कोऱ्या तांब्यातच अर्धा व्होल्ट गेला. त्यात तीन-चार गंजके जोड धरा, की दीड-दोन व्होल्टचा हिशोब लागतो. तेच १० स्क्वेअर एमएममध्ये मीटरला १.७ मिलिओहम पडतात, म्हणजे तीन मीटरला सव्वा दशांश व्होल्टच्या आसपास. ६ स्क्वेअर एमएमनेही ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरचं काम भागतं, पण मी १० घालतो. किमतीत फार फरक पडत नाही आणि बोनेटखालच्या गरमीत वायर निवांत राहते.

तर माझी पद्धत अशी. जुन्या वायरवर विसंबायचंच नाही. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. बी प्लसपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हला, किंवा सेल्फच्या ज्या जाड बोल्टवर बॅटरीची केबल येते तिथे, नवी सरळ वायर. बारीक तारांची लवचिक ऑटो केबल घ्या, नाना पेठेत मापाने मिळते. घरातल्या वायरिंगची कडक वायर नको, इंजिनच्या थरथरीत ती थिंबलपाशी (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीपाशी) तुटते. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. पक्कडीने चेपलेलं थिंबल सहा महिन्यांनी सैल होतं आणि मग पुन्हा हाच प्रश्न. वर रबरी बूट चढवा, कारण बी प्लसवर गाडी बंद असतानाही बॅटरी असते. स्पॅनर निसटून बॉडीला लागला तर ठिणग्या बघायला मिळतील.

या वायरमध्ये ६० अँपिअरचा पट्टी फ्यूज घाला, आणि तो बॅटरीच्या टोकाला, अल्टरनेटरच्या टोकाला नाही. वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली तर शेकडो अँपिअर येणार ते बॅटरीकडून. अल्टरनेटर त्याच्या ४५ च्या फार वर जाऊच शकत नाही.

डब्यावरचं एक काम विसरू नका. ए किंवा ३० वर बॅटरीकडून आलेली वायर असते, तशीच लोडकडे जाणारीही असते. डबा काढला तर या दोन्ही एकमेकींना नीट जोडून ठेवाव्या लागतात, नाहीतर हॉर्न-दिवे सगळं गप्प. मी रिकामा डबा जागेवरच ठेवतो आणि आत एक तांब्याची पट्टी बसवून त्याचा जंक्शन बॉक्स करतो. बोनेट उघडलं तर गाडी जुनीच दिसते. जुनी एफ किंवा ६७ ची बारीक वायर आता मोकळी झालेली असते. ती अल्टरनेटरच्या डी प्लसपासून दिव्याच्या वायरपर्यंत कामाला येते. पूर्वी डी किंवा ५१ वर दिव्याची जी वायर लावलेली असते, ती तिथून काढून या बारीक वायरला जोडायची. दोन्ही टोकं मल्टिमीटरच्या बीपने तपासूनच, रंगावर जाऊ नका. चाळीस वर्षांत कोणी कुठली वायर कुठे जोडली, देवालाच ठाऊक.

गाडीत अमीटर बसवलेला असेल तर तोही बघा. आपल्याकडे हौसेने ३०-०-३० चा लावलेला असतो. ४५ अँपिअरचा अल्टरनेटर उतरलेल्या बॅटरीला पहिली काही मिनिटं त्याहून जास्त देऊ शकतो आणि तो सगळा करंट डॅशबोर्डमागच्या दोन छोट्या नटांतून जातो. तिथून धूर आलेला मी पाहिलाय. अमीटर बायपास करा, जागेवर व्होल्टमीटर लावा. माहितीही जास्त मिळते.

तुमच्या बाबतीत रंगकाम झालंय, म्हणून अर्थिंगबद्दल वेगळं लिहितो. अल्टरनेटरची बॉडी ब्रॅकेटला, ब्रॅकेट इंजिनला, इंजिनवरून पट्टी चॅसिसला, चॅसिसवरून केबल बॅटरीला, असा परतीचा प्रवास असतो. रंगाऱ्याने ब्रॅकेट, चॅसिसची ती जागा, सगळ्यावर सुंदर थर चढवलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. इंजिनची पट्टी रंगवल्यावर परत लावलीच नाही अशाही गाड्या येतात. तेव्हा करंट मिळेल त्या वाटेने जातो, अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधूनसुद्धा, आणि सेल्फ मारताना ती केबल हाताला गरम लागते. प्रत्येक जोडाखालचा रंग चमकेपर्यंत घासा, स्टार वॉशर घाला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. शिवाय अल्टरनेटरच्या बॉडीवरून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वेगळी १० ची वायर द्या. ज्यांना ती अनावश्यक वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझ्या गाड्यांत ती असते.

आता ‘दिवा काढून डायरेक्ट करा’ या सल्ल्याकडे येऊ. डी प्लसला इग्निशनची वायर दिव्याशिवाय लावली की दोन गोष्टी होतात. चावी बंद केली तरी इंजिन चालू राहू शकतं, कारण फिरता अल्टरनेटर डी प्लसमधून उलटा इग्निशन कॉइलला करंट देत राहतो. दिवा मधे असतो तेव्हा तो करंट अडवून धरतो, म्हणून हे होत नाही. आणि ती वायर चुकून कायम चालू असलेल्या जागी लागली, तर रोटर रात्रभर तीन-चार अँपिअर पीत बसतो. ३५-४० अँपिअर-अवरची बॅटरी सकाळी सपाट. वर, दिवाच नसल्याने बेल्ट तुटला तरी कळणार नाही. त्या दिव्यात साधा २ ते ३ वॅटचा फिलामेंट बल्बच ठेवा. एलईडी टाकला तर त्यातून इतका कमी करंट जातो की अल्टरनेटर जागाच होत नाही; इंजिन चांगलं रेस केल्यावर मग कुठे चार्जिंग सुरू होतं. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर रेझिस्टर लावा, साधारण ६८ ओहम, ५ वॅटचा.

इथे एक ‘अवलंबून आहे’ येतं. तुमचा वापरलेला अल्टरनेटर नेमका कुठल्या जातीचा आहे? वर सांगितलेलं सगळं डी प्लस जातीला लागू. पुण्यात जुन्या गाड्यांवर मारुतीचा अल्टरनेटरही सर्रास चढवतात. त्यातल्या जपानी पद्धतीच्या अल्टरनेटरवर बी शिवाय आयजी आणि एल अशा दोन पिना असू शकतात. आयजीला चावीनंतरचा थेट सप्लाय लागतो, एलला दिवा. आयजीला कायमचा सप्लाय दिला तर बॅटरी हळूहळू उतरते. आयजी रिकामी ठेवली तर चार्जिंगचा भरवसा नाही. मागचा प्लग काढून बॉडीवर कोरलेली अक्षरं वाचा, फोटो काढून ठेवा, मगच वायर लावा. वापरलेल्या मालाला कुणी भलताच कपलर जोडलेला असू शकतो.

आणि हे वाचणाऱ्या अँबॅसिडर, मॉरिस, हिलमनवाल्यांसाठी: ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असायचं. तसं असेल तर अल्टरनेटर जोडताक्षणी डायोड जळतील. आधी गाडी निगेटिव्ह अर्थिंगची करून घ्या. फिआटवाल्यांना ही काळजी नाही, तरी बॅटरीची केबल डोळ्यांनी बघून घ्यायला काय जातं.

७५ अँपिअरचं काय? तुमचा लोड मोजा. दोन ६० वॅटचे हेडलाइट म्हणजे साधारण ९ अँपिअर, पार्किंग-टेल-नंबर प्लेट मिळून २-३, इग्निशन ३-४, वायपर ३-४. वीसच्या आत-बाहेर. ४५ भरपूर झाला. मोठा अल्टरनेटर जास्त करंट ढकलत नाही, मागितला तेवढाच देतो. तुमच्या खराब वायरवर तोही तेवढेच व्होल्ट हरवेल. अपवाद १००/९० वॅटचे बल्ब घातले असतील तर. नुसते अप्पर पंधरा अँपिअर खातात आणि पद्मिनीचा जुना लाइट स्विच वितळायला लागतो. तसं असेल तर आधी रिले (जुन्या स्विचऐवजी मोठा करंट वाहणारा विजेवर चालणारा स्विच) लावा, खरं तर ते बल्बच काढा. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा जोरात फिरतानाचा असतो हेही धरून चाला. नळ स्टॉपच्या सिग्नलला पावसात, वायपर-हेडलाइट चालू, इंजिन आयडलवर, तेव्हा त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळू शकतं. थोडी घट तिथे स्वाभाविक आहे, चांदणी चौक ओलांडून वेग घेतला की भरून निघते.

सगळ्या तारा ठीक निघाल्या आणि बी प्लसवरच व्होल्ट कमी दिसले, तर क्रम असा: आधी बेल्ट (दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर दबावा, जास्त नाही, आणि दोन्ही पुली एका रेषेत), मग कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश), मग रेग्युलेटर, मग डायोड. डायोडचा अंदाज मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बी प्लसवर घेता येतो. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर संशय घ्या. काही स्वस्त मल्टिमीटर एसीवर डीसीच जवळजवळ दुप्पट करून दाखवतात. २८ वगैरे दिसलं तर घाबरू नका, मीटर बदला.

जुन्या मिस्त्रींची एक सवय मात्र गाडीच्या जवळ येऊ देऊ नका: चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून ‘बघा, चालतेय, म्हणजे चार्जिंग आहे’ म्हणणं. डायनॅमोला ते कसंबसं खपायचं. अल्टरनेटरवरचा लोड असा एकदम तुटला की व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड दोन्ही जाऊ शकतात. बी प्लस बॉडीला टेकवून ठिणगी बघणं हाही त्याच जातीचा प्रकार. आणि पत्र्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हीच्या वायर सोडवा.

तुम्ही येत्या रविवारी निघण्याआधी ते तीन आकडे घ्या: बी प्लस ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते अल्टरनेटर बॉडी, आणि अल्टरनेटरवरचे स्वतःचे व्होल्ट. हेडलाइट लावून आणि न लावता, दोन्ही. सोबत अल्टरनेटरच्या मागच्या बाजूचा आणि कटआउटच्या डब्याचा झाकण काढून फोटो द्या, म्हणजे कुठली वायर कुठे हलवायची ते नेमकं सांगता येईल. तोवर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात.